पोटात काय आहे

हॉकीचं सामान ठेवायची खोली होती ती.
मीच रिकामी केली, तेरा वर्षांपूर्वी.
हेल्मेटं, मोडक्या काठ्या, घामट पॅड
सगळं तळघरात नेलं, तरी वास गेला नाही.
लोर्ना किवेला म्हणाली, राहू दे आर्ट,
पोरांच्या ओळखीचा आहे.
दाराची आतली कडी तेवढी काढ.

मिनेसोटाच्या उत्तरेला, लोखंडाच्या खाणींच्या कडेला
आमचं गाव. खाणी निम्म्या बंद,
शाळा तीन, आणि तिघींत मिळून
मानसतज्ज्ञ एक.
सोमवार, गुरुवार आमच्याकडे.
बाकीचे दिवस तिची गाडी
कुठल्यातरी बर्फात.

वाईट काही करायचं मनात आलं
तर पोराच्या ते मंगळवारीही येईल,
असं मी एकदा बोर्डाच्या बैठकीत बोललो.
माझं काम खुर्च्या मांडायचं होतं.
मी खुर्च्या मांडल्या.

त्या नोव्हेंबरात हरणांच्या शिकारीचा हंगाम.
अर्धं गाव नारिंगी जाकिटात.
बंदूक म्हटलं की इथे कुणी दचकत नाही,
कुदळ म्हणावं तसा तो शब्द.
म्हणून तर ओपल ड्रागिचला कळेना,
वेस्लीच्या वहीत दिसलं ते सांगावं की गिळावं.
शाळेचा नकाशा. कॅन्टीनच्या दारावर फुली.
खाली चार नावं.
सांगून झालं तेव्हा पोरगी थरथरत होती,
जणू तिनंच काही केलंय.
लोर्ना म्हणाली,
माझ्या कानावर घातलंस ना,
आता तुझ्या डोक्यावर नाही.

मी बोळात शिडीवर, ट्यूबलाइट बदलत होतो.
ते दार कधीच पुरतं मिटत नाही, चौकट फुगलीय.
मला वाटलं, विचारेल : ही नावं कुणाची?
विचारेल : हे काय आहे?
तिनं विचारलं,
पोटात काय आहे?
बराच वेळ काही नाही.
मग वेस्ली म्हणाला,
काल दुपारपासून काही नाही.
खण उघडल्याचा आवाज. कागद.
पोरगा खातोय, एवढंच ऐकू येत होतं.
मी शिडी उचलली आणि निघालो.
ऐकण्यासारखं ते माझं नव्हतं.

पोटातलं बाहेर यायला पावणेतीन तास लागले.
मधे ती दोनदा बाहेर आली,
एकदा मुख्याध्यापकांसाठी, एकदा शेरीफसाठी,
आणि दोन्ही वेळा आत जाताना
चेहरा पुसून गेली.
ती चार पोरं त्याच्या गेलेल्या आईच्या
आवाजाची नक्कल करायची,
हे गावाला नंतर कळलं.
त्या चौघांनाही तिनं बोलावलं.
एकेकट्याला. त्याच खुर्चीत.

संध्याकाळी ती आजोबांकडे गेली.
रूडी व्हुकेलिचनं स्वतः सांगितलं मला,
गळाच्या दुकानात, गांडुळांचा डबा हातात धरून.
सात रायफली मोजून शेरीफच्या हवाली केल्या.
आठवीचं कुणाला माहीत नव्हतं.
ती पलंगाखालून स्वतःच ओढून आणली,
आणि ओट्याला टेकून रडलो, म्हणाला,
त्या बाईसमोर, मोजे घालून.

पेपरात काही आलं नाही.
काय येणार? हरणं आली.
कुणी किती शिंगांचं मारलं, फोटोंसकट.

वसंतात बोर्डानं बावीस कॅमेरे घेतले,
नवी दारं, नवी कुलपं.
माझा जुडगा इतका जड झाला
की पट्टा खाली ओढतो.
पैसे पुरेनात, म्हणून
लोर्नाचा गुरुवार कापला.
त्या बैठकीतही खुर्च्या मीच मांडल्या.
एक कमी मांडली. कुणाच्या लक्षात आलं नाही.

वेस्ली आता टायरच्या दुकानात असतो.
ऑक्टोबरात माझ्या गाडीला बर्फाचे टायर चढवले.
वाकल्या वाकल्या म्हणाला,
सोमवारी येते का अजून ती?
म्हटलं, येते.
तो काही बोलला नाही.
मशीननं आवळून झालेले नट
त्यानं पुन्हा एकदा, एकेक करून,
हातानं पाहिले.